जुनी गाडी मोडायची कोणती, आणि कशी

गाडीला पंधरा वर्षे झाली की ती सरकारजमा होते, असा एक समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या मोंढ्यात टेम्पो खाली होताना, गॅरेजसमोरच्या बाकावर, तालुक्याच्या गावांना निघालेल्या काळीपिवळीत, विषय निघाला की हेच ऐकू येते. पासिंग जवळ आले की माणूस घाबरतो आणि चांगली चालणारी गाडी मातीमोल भावाने काढून टाकतो. उलट ज्याची गाडी खरोखर मोडायला आली आहे, तो कागदपत्रांची कटकट नको म्हणून ती तशीच दामटत राहतो. दोन्हीकडे नुकसानच आहे, म्हणून हे भंगार धोरण नेमके काय आहे आणि त्यातून पैशाचा व हवापाण्याचा फायदा कुठे निघतो, हे सावकाश उलगडून पाहायला हवे.

हा समज आला दिल्लीहून. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५ मध्ये दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावरून हटवायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरले आणि पुढे त्यात फेरफारही होत गेले. पण तो आदेश त्या क्षेत्रापुरताच आहे. परभणी जिल्ह्यात खाजगी मालकाच्या गाडीला वयाची अशी बंदी नाही. ट्रॅक्टरबाबत तर केंद्रीय परिवहन मंत्रालयाला २०२३ मध्ये मुद्दाम खुलासा करावा लागला. शेतीचा ट्रॅक्टर परिवहनेतर वाहनांत मोडतो. त्याची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी ती वाढवून मिळते. दहा वर्षांत ट्रॅक्टर भंगारात, हे मोबाइलवर फिरलेले बोलणे खोटे होते.

आता खरे धोरण. १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली, १८ मार्चला नितीन गडकरी यांनी लोकसभेत तपशील मांडला, आणि १३ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी ते अधिकृतपणे सुरू केले. भंगार केंद्रे कशी असावीत याचे नियम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघाले. धोरणाच्या नावातच ते ऐच्छिक असल्याचे म्हटले आहे, आणि त्याचा कणा आहे गाडीची तंदुरुस्ती. मालवाहू आणि प्रवासी गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी पासिंग लागते. खाजगी मोटारीला आणि मोटारसायकलला पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. तपासणीत गाडी नापास झाली तर दुरुस्त करून पुन्हा दाखवता येते. पुन्हाही नापास झाली तरच तिचे आयुष्य संपले असे धरतात. यंत्राने ब्रेक, धूर, दिवे आणि स्टिअरिंग तपासणारी स्वयंचलित केंद्रे उभी करण्यामागे हाच हेतू आहे की हा निकाल माणसाच्या मर्जीवर राहू नये.

सोबत जुनी गाडी ठेवणे महाग केले गेले. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीचे नूतनीकरण ६०० रुपयांऐवजी ५,००० रुपयांना, मोटारसायकलचे ३०० ऐवजी १,००० रुपयांना झाले. जड ट्रक-बसच्या पासिंगचे शुल्क १,५०० वरून १२,५०० वर गेले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी दर आणखी चढवले. महाराष्ट्रात २०१० पासून जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर आहेच.

या धोरणात वयाची सक्ती आहे ती फक्त सरकारी गाड्यांना. जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनुसार पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या केंद्र, राज्य आणि पालिकांच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालवता येत नाही. त्यात राज्य परिवहन महामंडळांच्या बसही येतात. त्या मान्यताप्राप्त केंद्रातच मोडायच्या, असेही त्यात म्हटले आहे. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेची खास वाहने तेवढी वगळली आहेत. सेलूच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. आपली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर सुरू झाली, आणि आज खेड्यापाड्यात रोज धावणारे जड डिझेल वाहन म्हणजे मुख्यतः तीच. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांनी जुन्या सांगाड्यांवर नव्या बॉड्या चढवून या बस वर्षानुवर्षे चालत्या ठेवल्या. त्या कारागिरांचे कौशल्य मोठेच. पण बॉडी नवी झाली तरी आतले इंजिन जुन्याच मापाचा धूर सोडत राहते.

हे जुने माप किती वेगळे आहे ते पाहू. २००८ साली आपल्याकडे विकलेली डिझेल मोटार बहुधा भारत स्टेज-२ ची. त्या मापात तिला दर किलोमीटरला ८० मिलिग्रॅम काजळी सोडायची मुभा होती. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ म्हणजे बीएस-६ मध्ये ही मर्यादा ४.५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे जवळपास अठरा पट कमी. जड ट्रकच्या इंजिनात काजळीची मर्यादा बीएस-२ ते बीएस-६ या प्रवासात सुमारे पंधरा पट खाली आली आणि नायट्रोजन ऑक्साइडचीही जवळजवळ तेवढीच. शिवाय ही तुलना कंपनीतून बाहेर पडतानाच्या इंजिनांची आहे. नोझल झिजलेला, पंप बिघडलेला, इंजिन ऑइल पिणारा सतरा वर्षांचा टेम्पो त्या मापाच्याही पुढे गेलेला असतो. तंदुरुस्त नसलेली जुनी गाडी दहा-बारा पट जास्त प्रदूषण करते, हा सरकारचा अंदाज म्हणूनच अतिशयोक्तीचा वाटत नाही. धोरण मांडताना पंधरा वर्षांवरची आणि वैध पासिंग नसलेली मध्यम व जड मालवाहू वाहने देशात सुमारे १७ लाख असल्याचे सांगितले गेले होते. खरा फायदा त्या १७ लाखांत आहे.

इथे मला एक आग्रहाने सांगायचे आहे. जुनी म्हणजे मोडण्यालायक, असे सरसकट नाही. नवी मोटार बनवताना पोलाद, ॲल्युमिनियम, प्लास्टिक, काच आणि कारखान्याची वीज मिळून काही टन कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत गेलेला असतो. निवृत्त शिक्षकाची नीट राखलेली, महिन्यातून दोनदा परभणीला जाऊन येणारी जुनी पेट्रोल मोटार मोडून नवी घेतली, तर तो कार्बन वसूल व्हायला कित्येक वर्षे लागतील. रोज शंभर-दीडशे किलोमीटर धावणारी डिझेल जीप, ऊस-कापूस ओढणारा ट्रक, वीटभट्टीवरचा टेम्पो यांचे गणित वेगळे आहे. त्यांच्या बाबतीत गाडी बदलल्याचा लाभ पहिल्या वर्षापासूनच पदरात पडू लागतो. हवा स्वच्छ व्हायची असेल तर आधी जास्त धावणारी आणि जास्त जुनी गाडी गेली पाहिजे. सवलती, तपासणी, पाठपुरावा यांचा सगळा जोर तिथेच हवा.

दुसरा फायदा गाडी मोडण्याच्या पद्धतीत आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते.

आज आपल्याकडे गाडी कशी मोडते? गॅसकटर, घण आणि उघडी जमीन. ऑइल चेंबरचा नट खोलला की काळे तेल मातीत. रेडिएटरचे पाणी, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल सगळे तिथेच. बॅटरीचे आम्ल गटारात ओततात, कारण पाणी काढलेल्या बॅटरीतून शिसे काढणे सोपे जाते. मोटारीच्या एका बॅटरीत साधारण आठ ते दहा किलो शिसे असते. आपली जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला हात-हात खोल भेगा पडतात, आणि सांडलेले तेल त्या भेगांतून खाली उतरते. निम्न दुधना प्रकल्पाचे पाणी असो की विहीर-बोअरचे, या भागात पाण्याचा प्रत्येक थेंब मोलाचा आहे. शिसे लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते आणि एकदा मातीत गेले की तिथेच राहते. शेवटी तारेतले तांबे काढायला केबलची गुंडाळी पेटवून देतात. तो काळा धूर त्याच गल्लीतल्या मुलांच्या छातीत जातो.

मान्यताप्राप्त केंद्रात क्रम उलटा असतो. आधी कागद, मग द्रव, मग सुटे भाग आणि शेवटी पत्रा. गाडी आत घेण्यापूर्वी तिची नोंद वाहन पोर्टलवर तपासतात. ती चोरीची आहे का, तिच्यावर बँकेचा बोजा आहे का, कर किंवा दंड थकला आहे का, हे सगळे पाहिले जाते. मालकाचे कागद जुळले की गाडी ताब्यात घेऊन त्याला ठेव प्रमाणपत्र देतात. त्यानंतर गाडी टणक, न गळणाऱ्या फरशीवर उभी करतात. बॅटरी काढतात, इंधनाची टाकी रिकामी करतात. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेकचे तेल, कूलंट वेगवेगळ्या पिंपांत जाते. सीएनजी किंवा एलपीजीची टाकी आधी सुरक्षित रिकामी होते, एअरबॅग निकामी करतात. एसीतला वायू यंत्राने ओढून सिलिंडरमध्ये भरतात. हे शेवटचे काम क्षुल्लक वाटते, पण ते क्षुल्लक नाही. मोटारींच्या एसीत वर्षानुवर्षे वापरलेल्या आर-१३४ए वायूचा एक किलो पृथ्वी तापवण्यात सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा असतो. मोटारीत तो साधारण अर्धा किलो भरतो. उघड्यावर नळी कापली की एका क्षणात सातशे किलोचा भार हवेत जातो आणि कुणाला दिसतही नाही.

मग टायर, काच, सीट, वायरिंग, धुराड्यातला उत्प्रेरक हे सगळे वेगळे निघते. वायरिंग बाहेर काढण्याला हवेखेरीज आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्याला थेट जालन्यात नेते.

सेलू स्टेशनवरून मनमाडच्या दिशेने निघाले की परतूर आणि मग जालना. जालन्याचे पोलाद कारखाने मराठवाड्यातल्या प्रत्येक घराच्या स्लॅबमध्ये आहेत. तिथल्या इंडक्शन भट्ट्या खनिजापासून लोखंड बनवत नाहीत. त्या भंगार आणि स्पंज आयर्न विजेवर वितळवतात, त्याचे बिलेट ओततात आणि रोलिंग मिलमध्ये त्याची सळई निघते. भंगार चांगले आणि पुरेसे मिळाले नाही की स्पंज आयर्न जास्त घालावे लागते, आणि ते आपल्याकडे मुख्यतः कोळशावर तयार होते. म्हणजे सेलूतला एक मोडका ट्रक नीट सुटा होऊन जालन्याला पोहोचला, तर तेवढे खनिज खणावे लागत नाही, तेवढा कोळसा जाळावा लागत नाही. पण भट्टीत तांबे गेले तर ते पुन्हा वेगळे काढता येत नाही. लोखंडातून मळी निघते, तांबे नाही. ते पोलादात राहते आणि तापलेली सळई लाटताना तिला तडे पाडते. वायरिंगसकट दाबलेली गाडी वजनाला भारी भरते, पण माल म्हणून हलकी ठरते. नीट मोडलेल्या गाडीच्या पत्र्याला चांगला भाव मिळू शकतो, तो याच कारणाने.

या बचतीचे आकडे केंद्राच्या २०१९ च्या पोलाद भंगार पुनर्वापर धोरणात दिले आहेत. एक टन भंगार वापरले की १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते. ऊर्जा १६ ते १७ टक्के, पाणी ४० टक्के कमी लागते आणि हरितगृह वायू ५८ टक्क्यांनी घटतात. आपल्या जुन्या मारुती ८०० ला हे लावून पाहू. तिचे वजन सुमारे ६५० किलो. त्यातला दोन तृतीयांश भाग लोखंड-पोलाद धरला तर ४३० किलोच्या आसपास. म्हणजे एका छोट्या मोटारीमागे पावणेपाचशे किलो खनिज आणि २७० किलो कोळसा. ट्रकचा आकडा याच्या कित्येक पट होतो. भारत आजही दरवर्षी लाखो टन भंगार परदेशातून विकत आणतो. गावोगावच्या बाभळीखाली गंजत उभ्या गाड्या हा आपलाच साठा आहे, आणि परकीय चलन देऊन आपण तोच माल बाहेरून मागवतो.

पैशाच्या बाजूला जगाचा अनुभव मिश्र आहे. अमेरिकेने २००९ च्या मंदीत तीन अब्ज डॉलर खर्चून पावणेसात लाखांच्या वर जुन्या गाड्या घेतल्या. मालकाला ३,५०० किंवा ४,५०० डॉलर दिले आणि ती इंजिने पुन्हा चालू नयेत म्हणून त्यांत सोडियम सिलिकेट ओतून ती कायमची जाम केली. विक्री उसळली, पण काही महिन्यांतच ओसरली. जे लोक पुढे घेणारच होते, त्यांनी फक्त लवकर घेतल्या, असे अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासातून दिसले. जर्मनीने त्याच वर्षी प्रत्येकी अडीच हजार युरो देऊन सुमारे वीस लाख नव्या मोटारींना हातभार लावला. तिथेही कारखाने वाचले, पण खजिन्यातले पाच अब्ज युरो गेले. दोन्हीकडे मुख्य काळजी मोटार कारखान्यांची होती, जुन्या धुराची नंतर.

आपल्या सरकारने रोख रक्कम दिली नाही, आणि मला ते शहाणपणाचे वाटते. मालकाला मिळते ते तीन-चार वाटांनी. भंगाराची किंमत साधारण नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के. ठेव प्रमाणपत्र दाखवून नवी गाडी घेतली तर नोंदणी शुल्क माफ. राज्यांनी परिवहनेतर गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत आणि परिवहन गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सूट द्यावी, अशी केंद्राची चौकट आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये १५ टक्के सवलतीचा निर्णय घेतला. त्याच्या अटी आपल्या गाडीला लागू होतात का, हे परभणीच्या परिवहन कार्यालयात विचारल्याशिवाय शोरूमची पावती फाडू नये. कंपन्यांनीही २०२४ मध्ये प्रमाणपत्रावर ठरावीक काळापुरती काही सूट देण्याचे मान्य केले होते. ती अजून चालू असेल तर मागून घ्यावी, कारण न मागता ती क्वचितच मिळते.

पण या सगळ्या सवलती कुणासाठी आहेत? जो नवी गाडी घेतो त्याच्यासाठी. सेलूचा टेम्पोवाला नवी गाडी घेत नाही. तो सतरा वर्षांची विकतो आणि सात-आठ वर्षांची घेतो, तीही फायनान्सवर. त्याला नव्या गाडीच्या करातली सूट काय कामाची? धोरणाचे सर्वांत कमकुवत ठिकाण हेच आहे. अनेकांना माहीत नसलेली एक वाट मात्र नियमांत आहे: ठेव प्रमाणपत्र दुसऱ्याला विकता येते. डिजीईएलव्ही नावाच्या पोर्टलवर त्याचा व्यवहार होतो. टेम्पोवाल्याने भंगाराचे पैसे केंद्राकडून घ्यायचे, प्रमाणपत्र नवी गाडी घेणाऱ्याला विकायचे, आणि दोन्ही रकमा मिळून आपल्या पुढच्या गाडीच्या डाउन पेमेंटला लावायच्या. हे प्रत्यक्षात उतरायचे असेल तर तालुक्याच्या ठिकाणी कुणीतरी त्याला ते करून दाखवले पाहिजे. जनधनची खाती गावात उघडून देता आली, तर हेही देता येईल.

अंतराचाही प्रश्न आहे. गाडीची नोंदणी कुठलीही असो, देशातल्या कोणत्याही मान्यताप्राप्त केंद्रात ती मोडता येते. पण बंद पडलेला ट्रक टोचन करून दूरच्या शहरात न्यायचा खर्च भंगाराच्या किमतीतूनच जातो, आणि गल्लीतला भंगारवाला दारात येऊन रोख देतो. या स्पर्धेत केंद्र हरणारच. जानेवारी २०२५ मध्ये निघालेले आणि त्याच वर्षी १ एप्रिलपासून लागू झालेले आयुष्य संपलेल्या वाहनांचे नियम इथे उपयोगी पडू शकतात. आता गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांवर ठरावीक प्रमाणात पोलाद परत मिळवल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आहे. पहिली पाच वर्षे हे प्रमाण ८ टक्के, नंतर १३ आणि २०३५-३६ पासून १८. शेतीचे ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि कापणी यंत्रे यातून वगळली आहेत. कंपन्यांना माल गोळा करावाच लागणार असेल, तर संकलनाचे ठिकाण सेलू-मानवत-पाथरी भागात का नको? आणि ते चालवायला आजच्या भंगारवाल्यांइतके जाणकार दुसरे कोण आहे? कोणत्या गाडीचा गिअरबॉक्स अजून दहा वर्षे चालेल, कोणत्या जीपचा ॲक्सल ट्रॉलीला बसेल, हे त्यांना हात लावून कळते. त्यांना बाहेर काढून नव्हे, हातमोजे, टणक फरशी, तेलाची पिंपे आणि परवाना देऊन हे काम उभे राहील. सुटा भाग पुन्हा वापरात आला तर तो वितळवण्यापेक्षाही चांगला. फक्त ब्रेक-स्टिअरिंगसारखे जिवाशी गाठ असलेले भाग त्यातून कटाक्षाने वगळले पाहिजेत.

ज्यांची गाडी आधीच मोडली गेली आहे त्यांनी एक काम आजच करावे. गाडी भंगारात दिली तरी परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ती जिवंतच असते. कर चढत राहतो, आणि चेसीस नंबर दुसऱ्या, कदाचित चोरीच्या, गाडीवर बसवला गेला तर पोलीस नोंदीतल्या मालकाच्या दारात येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर तसे कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. मान्यताप्राप्त केंद्रात चेसीस नंबरचा तुकडा वेगळा कापून जपून ठेवतात, मोडल्याचे दुसरे प्रमाणपत्र देतात आणि नोंद थेट वाहन पोर्टलवर जाते. घरच्या माणसाच्या नावावरची, कधीच विकून मोडून झालेली मोटारसायकल किंवा जीप अजून नोंदीत आहे का, हे गाडीचा नंबर टाकून मोबाइलवर पाहता येते. सापडली तर आरसी बुक आणि आधार कार्ड घेऊन परभणीला एक चक्कर मारावी, आणि बोजा असेल तर त्याआधी बँकेची एनओसी घ्यावी.